ऑर्फियस नेमका कशामुळे वळला?

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना प्रबंधासाठी मी ऑर्फियस-युरिडिसीची ग्रीक दंतकथा घेतली. साप चावून मेलेल्या बायकोला आणायला हा गायक पाताळात जातो, गाण्याने तिथल्या देवांना विरघळवतो. अट एकच: वर पोचेपर्यंत मागे बघायचं नाही. तो बघतो आणि तिला कायमचा गमावतो. गोष्ट एवढीशी, म्हणून काम सोपं वाटलं. पहिल्या मसुद्यात एकेका शतकाला दोन-दोन पानं वाटून टाकली. मॅडमनी तो परत केला. समासात एवढंच: "ही जंत्री झाली. प्रश्न कुठाय?"

प्रश्न सापडला दोन रोमन कवी शेजारी ठेवल्यावर. व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स'मध्ये (इ.स.पू. 29च्या सुमारास) युरिडिसी नवऱ्याला जाब विचारते: हा कसला वेडेपणा, ज्यानं तुझा-माझा दोघांचा घात केला? पुढे चाळीसेक वर्षांच्या आत ओव्हिड 'मेटॅमॉर्फसिस'मध्ये तीच गोष्ट सांगतो आणि तिची तक्रारच काढून टाकतो. आपल्यावर प्रेम केलं, याखेरीज ती तक्रार कशाची करणार, असं वर विचारतो! ती निरोपाचा शब्द बोलते, तोही त्याला जेमतेम ऐकू येतो. मला तेव्हा ओव्हिडचा रागच आला होता.

मग वहीत दोन रकाने आखले: तो का वळतो, ती काय बोलते. नवीन विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, गोष्टीतला एकच क्षण धरा. (सावित्रीशी तुलना सगळ्यांनाच सुचते. मीही तीन पानं लिहिली आणि कापली.)

'सर ऑर्फिओ' या मध्ययुगीन इंग्रजी काव्यापाशी पहिला रकाना रिकामा राहिला. तिथे वळणंच नाही. नायक राजा आहे, राणीला पऱ्यांचा राजा नेतो, हा दहा वर्षं रानात काढतो आणि हार्प वाजवून तिला परत मिळवतो, कारण पऱ्यांचा राजा 'मागशील ते देईन' म्हणून बसलेला असतो. हे काव्य मी गाळणारच होते. पण त्या रिकाम्या रकान्यावरच माझं सगळ्यात बरं प्रकरण उभं राहिलं: सरंजामी जगात दिल्या शब्दाला काय किंमत होती.

ऑपेरांकडे, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकांकडे, वळलात तर आधी संहिता वाचा. संगीतकार मॉन्टेव्हर्दीच्या 1607च्या ऑपेरात ऑर्फियस मागून आवाज झाल्यामुळे वळतो. संगीतकार ग्लुकच्या 1762च्या ऑपेरात त्याला न बघण्याचं कारण सांगायचीही बंदी आहे. युरिडिसी सारखी विचारत राहते, माझ्याकडे बघत का नाहीस, आणि तिच्या त्या तगमगीपुढे तो हरतो. आवृत्तीही तपासा. मॉन्टेव्हर्दीच्या 1607च्या छापील संहितेत शेवटी मद्यदेवतेच्या भक्त असलेल्या चिडलेल्या बाया ऑर्फियसवर चालून येतात, 1609च्या छापील स्वरलिपीत अपोलो देव येऊन त्याला स्वर्गात नेतो. मी बेधडक "शेवट सुखाचा" लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला: "कुठल्या सालचा शेवट?"