जुनी दुर्बीण बघायला जाताना

आकाशाचे फोटो काढण्यासाठी जुनी दुर्बीण घेणार असाल, तर विकणाऱ्याला फोन करण्याआधी घरी बसून एक हिशोब करा. आपल्या कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा आणि दुर्बिणीच्या फोकल लेंथने (मिलिमीटरमध्ये) भागा. ४.३ मायक्रॉनचा साधा डीएसएलआर आणि ६५० मिमी फोकल लेंथ असेल, तर एका पिक्सेलवर साधारण १.४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आकाश येतं. आपल्याकडच्या हवेत एवढं पुष्कळ झालं. मग चौकट बघा. याच जोडीत जेमतेम २ अंश रुंद आकाश मावतं. मृगातला तेजोमेघ छान बसेल, पण ३ अंश लांबीची देवयानी दीर्घिका कापली जाईल. तिच्यासाठी ४०० मिमीची लहान दुर्बीण बरी.

आता बजेट. पैशांचे तीन वाटे केलेत तर दोन माउंटसाठी, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या बैठकीसाठी ठेवा, हे मी अगदी ठामपणे सांगतो. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे वरच्या हिशोबात सेकंदाच्या दहाव्या भागातच तारा शेजारच्या पिक्सेलवर जातो. मिनिटामिनिटाचे एक्सपोजर तोलून धरतो तो माउंट, आणि तोही मोटर असलेला इक्वेटोरियलच (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारा) हवा. डॉब्सोनियन (साध्या खोक्यावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) कितीही मोठी आणि स्वस्त मिळाली तरी ती डोळ्यांनी बघायला, फार तर चंद्र-ग्रहांच्या फोटोंना. माउंटवर १० किलो क्षमता लिहिली असेल तर फोटोसाठी ५-६ किलोच धरा, आणि त्यात कॅमेऱ्याचंही वजन मोजा.

पिशवीत आपला कॅमेरा, भरलेली बॅटरी, टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी), टॉर्च, १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ॲलन कीचा संच घ्या. दिवेलागणीच्या जरा आधी पोहोचा, म्हणजे उजेडात माउंट आणि अंधारात तारे, दोन्ही बघून होतील.

कॅमेरा न्यायचाच, यात सूट नाही. माझी पहिली ५ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) मी आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) चंद्र बघून घेतली. घरी कॅमेरा लावला तर फोकसर (फोकस जुळवायची सरकती नळी) पूर्ण आत ढकलूनही तारे गोळेच दिसत. फक्त बघण्यासाठी बनवलेल्या अनेक न्यूटोनियनमध्ये प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. मुख्य आरसा पुढे सरकवावा लागतो. तो सबंध हिवाळा हातचा गेला.

नळीत टॉर्च तिरका मारा. धूळ दिसणारच, एखादा बारीक ओरखडाही चालतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातली दुर्बीण असेल तर पावसाळ्याचे चार महिने ती कुठे आणि कशी ठेवली होती, ते विचाराच. आरशावर नवा मुलामा चढवता येतो. भिंगांच्या जोडीच्या आत बुरशी शिरली असेल तर सरळ नमस्कार करून निघा.

माउंटचे दोन्ही क्लच सैल करून अक्ष हाताने फिरवा. मग घट्ट करून काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा हलकेच हलवा. थोडी ढिलाई ॲलन कीने काढता येते, पण मोटर पूर्ण वेगात फिरवताना खरखर ऐकू आली तर नको. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, मुंबईत १९ अंशांवर असतो. माउंट एवढा खाली झुकतो का, आणि झुकल्यावर दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो का, हे तिथेच करून बघा.

अंधार पडला की तेजस्वी तारा मधोमध घेऊन किंचित आउट ऑफ फोकस करा. वर्तुळं एकाभोवती एक नीट बसलेली हवीत. न्यूटोनियनमध्ये ती एका बाजूला कललेली असली तरी घाबरू नका, कॉलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मग ध्रुव साधून (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखून) ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं असे फोटो काढा आणि झूम करून बघा. कोपऱ्यातले तारे शेपटीदार असतील तर कोमा करेक्टरची (ती शेपटी घालवणाऱ्या भिंगाची) किंमत भावात धरा; मधलेही एकाच दिशेने ताणलेले असतील तर ध्रुव पुन्हा साधा. तरीही तसेच राहिले तर दोष माउंटचा.

सौदा पटला की हँडसेट, त्याची केबल, काउंटरवेट, डव्हटेल पट्टी (नळी माउंटवर बसवायची) एकेक करून हातात घ्या. सोडवताना आधी नळी उतरवा आणि मगच वजनं, नाहीतर तोल जाऊन नळी ट्रायपॉडवर आपटते.