आरोग्यावरची टपाल तिकिटं जमवायचीत? मलेरियापासून सुरू करा

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे 1962 ची मलेरिया सिरीज, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेसाठी शंभरावर देशांनी तिकिटं काढली होती त्यामुळे ती अजूनही स्वस्तात मिळतात, बऱ्याच तिकिटांवर पृथ्वीचा गोल, काठीला गुंडाळलेला साप आणि खाली डास असतो, तो बघूनच ओळखता येतं. मग देवी निर्मूलन, पोलिओ, टीबी असं एकेक वाढवत न्या, सगळंच एकदम गोळा करायला गेलात तर नुसता पसारा होतो (माझा झालाय).

टीबीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, डेन्मार्कमध्ये 1904 ला सुरू झालेले ख्रिसमस सील दिसतात तिकिटासारखेच, पण ते पोस्टेज नाही, टीबीसाठीच्या देणगीचं लेबल आहे. ठेवा खुशाल, फक्त वेगळ्या पानावर.

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका हो! भोवतीचा कागद ठेवून कापा, कोमट पाण्यात ठेवा, आपोआप सुटतं, मग टिपकागदावर उलटं वाळवा. लाल किंवा गडद पाकीट असेल तर वेगळ्या वाटीत, रंग सुटला की गेलं तिकीट. हात लावायचाच नाही, चिमटा वापरा.