कॅमेऱ्यासाठी शोल्डर बॅग घेताय? या चुका टाळा

रिकामी बॅग दुकानाच्या आरशात कुणालाही शोभते. तिची परीक्षा होते ती चैत्रात जोतिबाच्या पायऱ्यांवर, आत पाच किलो सामान आणि वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण चालू असताना. त्यामुळे बॅग रिकामी पाहून घेणे ही पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश घेऊनच दुकानात जा. बॅग भरा, पट्टा आडवा अडकवा, दहा मिनिटे फिरा, दोनदा वाका, एक जिना चढून या. दुकानदार नाक मुरडत असेल तर कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकानांना तोटा नाही. ऑनलाइन मागवली असेल तर हाच प्रयोग लेबल न कापता घरी करा आणि परत करण्याची मुदत आधीच बघून ठेवा.

बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरच्या 'एक कॅमेरा, तीन लेन्स'वर विसंबणे

ही चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा छोटा कॅमेरा आणि त्यासोबत मिळणारी साधी लेन्स असते. लग्नाची कामे करणाऱ्यांकडचे सामान वेगळे. कॅननची ७०-२०० एफ २.८ ही ईएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती कडी) दुसऱ्या आवृत्तीची लेन्स १९.९ सेंमी लांब आहे. ती कॅननच्याच ५डी मार्क ४ कॅमेऱ्याला लावली की पुढचे झाकण धरून लांबी २८ सेंमीच्या घरात जाते. म्हणजे आतली लांबी किमान ३० सेंमी हवी. बाहेरची नव्हे, आतली. दोन्ही बाजूंच्या फोममध्ये दोन-तीन सेंमी सहज जातात आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात बाहेरचेच माप छापलेले असते. टेप आत घालून मोजा. प्रत्येक पार्टिशन आणखी सहा-आठ मिमी खाते, तेही धरा.

हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची उन्हाची झडप, उलटा लावून ठेवला की लांबी फारशी वाढत नाही, पण जाडी वाढते आणि लेन्स शेजारच्या कप्प्यात घुसते. म्हणून मोजताना हूड लावूनच मोजा. मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) वळायचा विचार असेल तर जुन्या लेन्सच्या मापाने भली मोठी बॅग घेऊ नका. कॅननचीच मिररलेससाठीची आरएफ माउंटची ७०-२०० एफ २.८ मिटलेली असताना १४.६ सेंमीची आहे. मोठ्या बॅगेत ती काडेपेटीतल्या शेवटच्या काडीसारखी खुळखुळत राहील.

आत कॅमेरा कसा बसतो हेही बघा. लेन्स खाली करून ठेवताना बरेच जण तो सरळ तळावर टेकवतात. मग बॅग जमिनीवर आपटली की सगळा मार लेन्सच्या पुढच्या कडेवर आणि माउंटवर बसतो. दोन पार्टिशनमध्ये लेन्सच्या जाडीएवढीच फट ठेवा. कॅमेऱ्याचे दोन्ही खांदे पार्टिशनच्या माथ्यावर टेकले पाहिजेत, लेन्स मधल्या खड्ड्यात लोंबली पाहिजे आणि तिच्या टोकाखाली बोटभर जागा उरली पाहिजे. पार्टिशन इतके मऊ असेल की कॅमेऱ्याच्या वजनाने वाकते, तर ती बॅग राहू द्या.

वजनाची बेरीज न करणे

५डी मार्क ४ बॅटरी-कार्डासह ८९० ग्रॅम. २४-७० एफ २.८ची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅम. वरची ७०-२०० १,४९० ग्रॅम. इथेच ३,१८५ ग्रॅम झाले. फ्लॅश बॅटरीसकट अर्धा किलो, सुट्या बॅटऱ्या, चार्जर, कार्डे मिळून तीन-चारशे ग्रॅम आणि चांगल्या फोमची रिकामी बॅग सव्वा ते दीड किलो. सव्वापाच-साडेपाच किलो एका खांद्यावर, सकाळच्या हळदीपासून संध्याकाळच्या वरातीपर्यंत. पाण्याची बाटली अजून धरलेलीच नाही.

आमचा हिशेब साधा आहे. बॅगेसह साडेतीन किलोपर्यंत शोल्डर बॅग उत्तम, साडेचारच्या पुढे पाठीवरची बॅग किंवा सामान सांभाळणारा जोडीदार. सोनी ए७ ४ (६५८ ग्रॅम) आणि टॅमरॉन २८-७५ची दुसरी आवृत्ती (५४० ग्रॅम) वापरणाऱ्याचा कॅमेरा-लेन्स मिळून १,२०० ग्रॅमच्या आत बसतो, त्याला ही अडचण फारशी येत नाही. तुमचा आकडा तुम्ही काढा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकणारा काटा त्यासाठी पुरतो.

पट्ट्याकडे शेवटी बघणे

लोक कप्पे मोजत बसतात, पण दिवसभर अंगाला लागतो तो पट्टा. रुंदी पाच सेंमी असावी, अडीच सेंमीचा पट्टा तासाभरात खांद्यात रुततो. खांद्यावरची गादी पट्ट्यावर मागे-पुढे सरकणारी हवी. आडवी बॅग अडकवली की वजन गळ्याजवळच्या हाडावर येते आणि एकाच जागी शिवलेली गादी नेमकी तिथे पोचत नाही.

गादीखालच्या रबराचीही एक मेख आहे. बॅग एकाच खांद्यावर लटकवणाऱ्याला रबर उपयोगी, घसरत नाही. पण आडवी अडकवून बॅग पाठीवरून पोटावर आणि परत मागे फिरवणाऱ्याला तेच रबर नडते. दरवेळी शर्टाची कॉलर धरून ओढते. तुमची सवय कोणती ते आधी ठरवा. लांबी पूर्ण सोडून मोजा. हिवाळ्यात जाडजूड जॅकेटवरून आडवी घ्यायची तर १४० सेंमीपेक्षा कमी पट्टा अपुरा पडतो.

जोड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळ्यांत चांगली रचना म्हणजे पट्टी बॅगेच्या तळाखालून आरपार गेलेली. तशी नसेल तर शिवण चौकोनात फुली मारलेली असावी. बाजूच्या शिवणीत नुसते टोक खुपसून एक टीप मारलेली असेल तर ती सुटणार, प्रश्न फक्त केव्हा एवढाच. हूक धातूचा आणि गोल फिरणारा घ्या. फिरत नसलेल्या हुकाने पट्ट्याला पीळ पडतो आणि पिळलेला पट्टा दोरीसारखा काचतो.

'वॉटरप्रूफ' हा शब्द खरा मानणे

बहुतेक बॅगांचे कापड पाणी अडवते, शिवणी आणि चेन अडवत नाहीत. दुकानदार कापडावर पाण्याचा थेंब टाकून दाखवतो, तो मोत्यासारखा घरंगळतो आणि आपण भुलतो. जुलैत गगनबावड्याला थेंब पडत नाही, धार लागते.

घरी पाच मिनिटांत कळेल. रिकाम्या बॅगेत वर्तमानपत्राचे सुटे कागद प्रत्येक कप्प्यात आणि चारही कोपऱ्यांत खोचा, बॅग बंद करून शॉवरखाली पाच मिनिटे धरा. बाहेरून पुसून उघडा. कुठला कागद भिजला त्यावरून भोक कुठे आहे ते समजले. बहुधा तीन जागा सापडतात : चेनीची दोन्ही टोके, झाकणाच्या बाजूचे उघडे कोपरे आणि पट्ट्याचा जोड. पट्टा वातीसारखा पाणी शोषतो आणि ओल शिवणीतून आत नेतो.

सोबत येणारे रेनकव्हर वरून वाचवते, पण दुचाकीवर पाऊस समोरून येतो. वेगात कव्हर फुग्यासारखे फुगते, इलॅस्टिक सुटते आणि कव्हर पंचगंगेच्या पुलावर उडून जाते. इलॅस्टिकला दोरी आणि आवळायचा खटका आहे का ते बघा, नसेल तर बॅगेच्या कडीला एक लूप बांधून घ्या. तळाला पाणी निचरायला भोक नसेल तर कव्हर वाटीसारखे भरते आणि बॅग त्यात भिजत बसते. सर्वांत खात्रीचा उपाय स्वस्त आहे : कॅमेरा आणि प्रत्येक लेन्स चेनच्या जाड प्लास्टिक पिशवीत, मग बॅगेत. ठिकाणी पोचल्यावर मात्र पिशवीतून काढा, आत घाम धरतो.

दुचाकीचा विचार न करणे

आडवी अडकवलेली बॅग ब्रेक मारला की पुढे पेट्रोल टाकीवर येते. कमरेला बांधायची दुसरी बारीक पट्टी असलेली बॅग घ्या, निदान ती अडकवायच्या कड्या तरी असू द्या. मोपेडच्या फूटबोर्डवर बॅग ठेवणे सोयीचे वाटते, पण खालचा प्रत्येक हादरा थेट लेन्सपर्यंत जातो, रोजच्या हादऱ्यांनी बारीक स्क्रू ढिले होतात. पुढच्या हुकाला लटकवणे त्याहून वाईट. पन्हाळ्यापर्यंत जायचे असेल तरी जड लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून वेगळ्या कप्प्यात ठेवा.

गर्दी, गुलाल आणि तांबडी माती

झाकण शरीराच्या दिशेने उघडते की बाहेरच्या, हे दसरा चौकात सोने लुटताना महत्त्वाचे ठरते. तोंड तुमच्याकडे असेल तर दुसऱ्याचा हात आत जात नाही. बंद करायला वेल्क्रोच असेल तर मंगलाष्टकांत त्याचा चर्रर्र आवाज व्हिडिओच्या माइकमध्ये हमखास येतो. वेल्क्रो झाकायची पट्टी किंवा वेगळे बक्कल असलेली बॅग घ्या. चुंबकाच्या बक्कलाला घाबरू नका, मेमरी कार्डाला त्याने काही होत नाही. काळी पट्टी असलेले बँकेचे कार्ड मात्र त्याला चिकटवून ठेवू नये.

गुलाल अतिशय बारीक असतो, उघड्या चेनीतून आत जाऊन फोमवरच्या लोकरी अस्तरात बसतो आणि पुढचे कित्येक महिने लेन्सवर उगवत राहतो. यात्रेत बॅग उघडण्याआधी मऊ ब्रशने चेन झाडा. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसायची घाई नको, गुलाल कापडात मुरतो. आधी झटका, व्हॅक्यूम फिरवा, मग पुसा.

खासबागेच्या कुस्ती मैदानात हौद्याच्या कडेला बसून फोटो काढणाऱ्यांचा त्रास निराळा. आखाड्याच्या मातीत हळद, तेल, ताक घातलेले असते, त्यामुळे ती नुसती धूळ राहत नाही, चिकटते. पूर्ण वाळू द्या, मग ताठ ब्रशने काढा. जमिनीवर टेकणारी बॅग असेल तर तळाला रबराचे पाय किंवा जाड लेप हवा, नुसते कॅनव्हास नको.

कातड्याच्या बॅगेचा मोह

कोल्हापुरात राहून हा मोह टाळा असे कोण सांगणार? पण घेताना डोळे उघडे ठेवा. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे पाणी पिते, काळे पडते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. जाड कातड्याची बॅग रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते. करायचीच असेल तर आधी फोमचा तयार इन्सर्ट (बॅगेत बसवायचा कप्प्यांचा सुटा खोका) घ्या आणि त्याच्या मापाने कारागिराकडून बाहेरची बॅग शिवून घ्या. इन्सर्ट बाहेरून २८ × १३ × २० सेंमी असेल तर बॅगेचे आतले माप ३० × १५ × २१ सांगा. बाजूंना एकेक सेंमी सोडली नाही तर इन्सर्ट एकदा आत गेल्यावर निघत नाही. धागा सुती नको, नायलॉनचा. कड्यांचा जोड वेल्डिंग केलेला हवा, नुसती वाकवलेली कडी चार किलोला उघडते. रिव्हेटची आतली टोके कातड्याच्या तुकड्याने झाकून घ्या, नाहीतर तीच कॅमेऱ्यावर ओरखडे काढतात.

जून ते सप्टेंबर बॅगेतच सामान ठेवणे

फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात, अंधार आयताच मिळतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सला बुरशी लागायला हे पुरेसे आहे. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून उपयोग नाही, बॅग हवाबंद नसते. सामान घट्ट झाकणाच्या डब्यात जेलसह ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका आणि काटा ४५ ते ५० टक्क्यांवर राहील असे बघा. केशरी दाणे हिरवे किंवा निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असते, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. बॅग उघडी करून, पार्टिशन काढून पंख्याखाली ठेवा.

हातातली बॅग कुरकुरत असेल तर

पट्टा चालताना आपोआप लांब होतो : बक्कलातून बाहेर आलेले टोक उलटे फिरवून पुन्हा बक्कलातून घाला, दुहेरी घर्षणाने पकडते.

वेल्क्रो धरत नाही : काटेरी बाजूत केस आणि धागे अडकलेले असतात. सुईने किंवा जुन्या दातब्रशने काढा, बहुतेक वेळा नवे लावावे लागत नाही.

आतला लेप चिकट होऊन सोलतोय, वास येतोय : हा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने कुजतो. दुरुस्त होत नाही. स्पिरिटने पुसून काढता येतो, पण मग पाणी अडवणारे काही उरत नाही. त्या बॅगेत ट्रायपॉडच्या प्लेट आणि केबल ठेवा, लेन्स नको.

चेन बंद केल्यावर रनरच्या मागे दात उघडतात : दोष बहुधा दातांचा नसतो, रनर झिजून सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा थोड्याथोड्या, समान दाबा, एकदम जोर लावला तर तो फुटतो. अडकत असेल तर दातांवरून मेणबत्ती घासा. तेल घालू नका, धूळ धरते. तरी सुटत असेल तर रनरच्या पाठीवरचा आकडा बघा, ५, ८ किंवा १० असा असतो, आणि बॅग दुरुस्तीवाल्याकडून त्याच आकड्याचा नवा रनर बसवून घ्या. अख्खी चेन बदलायची वेळ सहसा येत नाही.