बॉनेटखालचा पॅड: जुन्या गाडीच्या मालकांनी या चुका टाळाव्यात

जुन्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूला चिकटवलेला किंवा क्लिपांनी बसवलेला जो काळपट, जाडसर पॅड दिसतो, त्याच्याकडे तो लोंबू लागेपर्यंत सहसा कोणी लक्ष देत नाही. त्याची मुख्य कामे दोन आहेत. तो इंजिनाचा खडखडाट काही प्रमाणात शोषून घेतो आणि इंजिनाची धग थेट पत्र्याला लागू न देता बॉनेटचा रंग जपतो. अनेक मॉडेलांत डिझेल गाडीला हा पॅड दिलेला असतो आणि त्याच गाडीच्या पेट्रोल प्रकाराला नसतो, कारण डिझेलचा आवाज मुळात अधिक असतो.

‘पॅड काढून टाका, इंजिन थंड राहील’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो मानणे ही पहिली चूक. इंजिन थंड ठेवण्याचे काम रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा आणि कुलंट यांचे आहे. तापमानाचा काटा वर चढत असेल, तर दोष तिथे शोधावा; पॅड काढल्याने त्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, गाडीचा आवाज मात्र वाढतो.

याच्या उलट चूक म्हणजे कुजलेला पॅड तसाच राहू देणे. १९९५ पासून पिंपरी-चिंचवडमधील टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळवणी झालेली मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ही गाडी याचे ठळक उदाहरण आहे. तिचा पॅड फोमचा असून तो गोंदाने चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने असा फोम ठिसूळ होतो, बोट दाबले की खळगा तसाच राहतो आणि हाताला भुकटी लागते. ही भुकटी बेल्टवर आणि अल्टरनेटरमध्ये जाते, हवेबरोबर ओढली जाऊन एअर फिल्टर चोंदवते. मोठा तुकडा तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडला, तर जळका वास येतो आणि आगीचा धोकाही उद्भवतो. अशा पॅडवर टेप लावून वेळ मारून नेण्यात अर्थ नाही.

पॅड बदलण्यापूर्वी मात्र तो नीट पाहावा, कारण त्याच्यावरचे डाग बरेच काही सांगतात. तेलाच्या टोपीच्या नेमका वर गोल, तेलकट डाग असेल, तर टोपीचे रबर गेलेले असते. पंख्याच्या किंवा पुलीच्या रेषेत आडवा काळा पट्टा उमटला असेल, तर बेल्ट झिजून त्याची पूड उडत असते, किंवा जवळच्या सीलमधून गळणारे तेल पुली भिरकावत असते. हिरवट किंवा गुलाबी कडा असलेला, वाळून पांढुरका झालेला डाग कुलंटचा समजावा; होजला, म्हणजे कुलंटच्या रबरी नळीला, पडलेले बारीक छिद्र इंजिन तापून दाब वाढल्यावरच फवारा मारते, त्यामुळे गाडी थंड असताना ते सापडत नाही, पण पॅडवर त्याची खूण राहते. गळती न शोधता नवा पॅड लावला, तर काही महिन्यांत तोही तेवढाच भिजतो. तेलाने किंवा डिझेलने भिजलेला पॅड धुऊन पुन्हा वापरू नये, कारण तो वातीसारखा पेट घेऊ शकतो.

ओल फक्त वरच्या अंगाला, म्हणजे पत्र्याकडून असेल, तर पावसाला दोष देण्याआधी काच धुण्याच्या फवाऱ्याची नळी तपासावी. बऱ्याच गाड्यांत ती पॅडच्या वरून जाते.

इंजिन धुताना पॅडवर प्रेशरचे पाणी मारणे तर सर्रास चालते. ग्लासवूल किंवा कापडी नमद्याचा पॅड हे पाणी धरून ठेवतो, जड होऊन लोंबतो आणि बॉनेटच्या आतल्या सांगाड्याला गंज आणतो. पॅड चांगला असेल, तर मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने धूळ काढून वरून ओलसर फडके फिरवणे पुरेसे आहे. पावसाळ्यात गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर अधूनमधून बॉनेट उघडून पाहावे, कारण उंदरांना घरट्यासाठी हा नमदा फार आवडतो.

नवा पॅड निवडताना घरगुती पर्यायांचा मोह टाळावा. थर्माकोल आणि साधा गादीचा फोम इंजिनाजवळ वापरणे धोक्याचे आहे. डांबरी शीट उष्णतेने मऊ पडते आणि तिच्या वजनाने बॉनेट उचलून धरणारे जुने गॅस शॉकर दबतात. जाडीबाबत शंका असेल, तर इंजिनाच्या सर्वांत उंच भागांवर मळलेल्या कणकेचे गोळे ठेवून बॉनेट हलकेच बंद करावे. दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तिथे उपलब्ध असलेली जागा.

क्लिपा तुटल्या म्हणून स्क्रू मारणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण स्क्रू जरा लांब असला, तरी बाहेरच्या पत्र्याला टेंगूळ येते. जुनी क्लिप दुकानात नेऊन त्याच मापाची घ्यावी. पुढच्या कडेची क्लिप तर कधीच वगळू नये, कारण वेगात तिथूनच वारा शिरतो.

चिकटवण्याच्या पॅडसाठी आधी जुना फोम किंचित ओला करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. कोरडा खरवडू नये, आणि फार जुन्या गाडीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शंका असेल, तर त्याला हातही लावू नये. तोंडावर मास्क आणि हातात मोजे हवेतच. इंजिनावर चादर पसरावी आणि हवेच्या नळीचे तोंड फडक्याने बंद करावे. गोंद काढायला पेट्रोल वापरू नये. डब्ल्यू १२४ चे बॉनेट सरळ उभे राहते, त्यामुळे हे काम तिच्यात सोपे जाते. उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह पत्र्याला आणि पॅडला दोन्हीकडे लावून, तो बोटाला चिकटेनासा झाल्यावर मधून कडांकडे दाबत न्यावे. एकदा टेकवलेला पॅड सरकवता येत नाही, म्हणून गोंदाशिवाय तो एकदा लावून पाहावा. त्यानंतर निदान एक दिवस गाडी चालवू नये.