'ऐश' ऐकलं की आधी मुलूख विचारा

कुवेतमध्ये मेसचं स्वयंपाकघर सांभाळते, त्यामुळे 'ऐश' हा अरबी शब्द रोज कानावर पडतो. इजिप्तचा माणूस ऐश मागतो तेव्हा त्याला रोटी हवी असते, 'ऐश बलदी' या तिथल्या रोजच्या रोटीसारखी. कुवेती माणसाला त्याच शब्दात भात हवा असतो. म्हणून अर्थ विचारण्याआधी बोलणारा कुठला ते विचारा.

मग शब्दाचा धातू, म्हणजे त्याची मूळ अक्षरं, शोधा. इथे ऐन, ये, शीन ही तीन अरबी अक्षरं, आणि मूळ अर्थ जगणं. ज्यावर जगायचं ते अन्न, ही वाट एकदा दिसली की पुढचं उलगडत जातं. इजिप्तमध्ये 'मआश' म्हणजे पेन्शन, तुर्कीत तोच शब्द पगार. ट्युनिशियात 'ऐशेक' म्हणत आभार मानतात, किती सुंदर! हान्स वेअरचा अरबी-इंग्रजी कोश धातूंनुसार लावलेला आहे, तेव्हा मआश 'मीम'खाली नाही, 'ऐन'खाली सापडेल.

मराठीतला ऐशआराम पाहताना अरबी आणि मराठीच्या मधली फारसी विसरू नका. त्यातला 'आराम' तर फारसीच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत अरबी मुळाची खूण दिलेली असते, ती जरूर बघा.

'लबन'चंही तसंच: इजिप्तमध्ये दूध, सीरियात दही, आखातात ताक. ऑर्डर घेताना शंका आली तर भाताला 'रुझ', रोटीला 'खुब्झ', दुधाला 'हलीब' म्हणा. हे शब्द सगळ्यांना कळतात.