व्हीगन स्नीकर्स घेताना या चुका टाळा

इंदूरमध्ये बिनचामड्याचे बूट मागणे नवे नाही. शहरात जैन कुटुंबे भरपूर, त्यामुळे राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या दुकानांत "चमड़ा नहीं चाहिए" म्हटले की रेक्झीनचा किंवा कॅनव्हासचा जोड लगेच समोर येतो. घोटाळा होतो तो स्नीकर्समध्ये. एका स्नीकरला वरचा भाग, अस्तर, जीभ, टाचेची टोपी, आतला तळ, मधला फोम, खालचा सोल, शोभेच्या पट्ट्या आणि हे सगळे धरून ठेवणारे चिकटद्रव्य असे कितीतरी घटक असतात. "व्हीगन लेदर" (प्राण्यांपासून न काढलेले, चामड्यासारखे दिसणारे साहित्य) हे शब्द बहुतेक वेळा त्यांतल्या एकाच घटकाबद्दल, वरच्या भागाबद्दल, लिहिलेले असतात.

"अपर : सिंथेटिक" एवढे वाचून थांबणे

परदेशी कंपन्यांच्या बुटांवर जिभेच्या मागे किंवा सोलवर तीन ओळींची छोटी चित्रे असतात. युरोपच्या १९९४ सालच्या नियमातून ती आली. पहिली ओळ वरच्या भागाची, दुसरी अस्तर आणि आतल्या तळाची, तिसरी बाहेरच्या सोलची. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे. त्याच आकारात मधोमध चौकट म्हणजे वरून लेप दिलेले चामडे. विणलेली जाळी म्हणजे कापड. नुसती तिरकी चौकट म्हणजे इतर साहित्य, त्यात रबर आणि पीयू (पॉलियुरेथेन), पीव्हीसी ही प्लॅस्टिके सगळी आली.

लेप दिलेल्या चामड्याच्या चित्रावर सगळ्यांत जास्त लोक फसतात. चामड्याच्या खालच्या, स्वस्त थरावर पीयूचा लेप चढवला की ते दिसायला आणि हाताला अगदी रेक्झीनसारखे लागते. विक्रेताही ते "पीयू" म्हणूनच विकतो, आणि खाली खरे कातडे असते.

चित्रे नीट वाचूनही एक भोक उरतेच. हा नियम पृष्ठभागाच्या किमान ८० टक्के साहित्याबद्दल बोलतो, आणि कडेच्या पट्ट्या, शोभेचे तुकडे, घोट्याजवळचे ठिगळ, आतली मजबुतीची पट्टी हे हिशेबातच धरत नाही. म्हणजे जाळीच्या बुटाला टाचेशी स्वेडचा, म्हणजे लवदार चामड्याचा, तुकडा असला, तरी चित्र कापडाचेच राहते. म्हणून हे चार तुकडे स्वतः पाहा: टाचेच्या आतले अस्तर (तिथे डुकराच्या कातड्याचे अस्तर लावण्याची पद्धत बरीच आहे), जिभेवरचा लोगोचा तुकडा, लेसच्या भोकांभोवतीची पट्टी आणि उचलून निघणारा आतला तळ.

लेबलवरचे शब्दही पाठ करून ठेवा. स्वेड, नुबक, नापा, स्प्लिट, फुल ग्रेन, पेटंट लेदर आणि फुटबॉलच्या बुटांवरचे के-लेदर ही सगळी चामड्याचीच नावे आहेत. के-लेदर तर कांगारूचे. "बाँडेड लेदर" चामड्याच्या चुऱ्यापासून होते. मात्र "सिंथेटिक स्वेड", "सिंथेटिक नुबक" किंवा "मायक्रोफायबर" असे लिहिले असेल तर ते कृत्रिम. आधीचा "सिंथेटिक" शब्द गाळून नुसते "स्वेड" लिहिलेले असेल, तर ते चामडे समजूनच चाला.

दुकानात "व्हीगन आहे का?" असे विचारणे

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी "हाँ जी, पूरा" असे उत्तर मिळते आणि त्याला काही अर्थ नसतो. त्याऐवजी विचारा, "इसमें चमड़ा कहाँ-कहाँ लगा है?" मग विक्रेत्याला बूट हातात घेऊन पाहावे लागते.

तोवर तुम्ही कापलेली कड शोधा. दुमडून शिवलेल्या कडेवरून काही कळत नाही; जिभेची खालची बाजू, लेसचे भोक किंवा आतल्या तळाखालची न शिवलेली कड पाहा. चामड्याच्या कडेला गुंतागुंतीचे, एकजीव तंतू दिसतात. रेक्झीनला वर प्लॅस्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेले कापड असे दोन स्पष्ट थर दिसतात. मायक्रोफायबर मात्र चामड्यासारखेच तंतुमय असते, तिथे डोळ्यांवर विसंबू नका. वास आणि पाण्याचा थेंब या घरगुती परीक्षांवर तर अजिबात नको: लेप दिलेल्या चामड्यावरही पाणी ओघळते, आणि कृत्रिम साहित्याला चामड्याचा वास लावता येतो.

चिकटद्रव्य बघून ओळखता येत नाही. आजचे बहुतेक स्नीकर्स कृत्रिम चिकटद्रव्याने जोडतात, तरी खात्री हवी असेल तर कंपनीला ईमेलवर नेमका प्रश्न पाठवा: "या मॉडेलचे चिकटद्रव्य, टाचेची आतली टोपी आणि आतल्या तळाचा पुठ्ठा यांत प्राणिज घटक आहे का?" मॉडेलचे नाव आणि रंग लिहायला विसरू नका. एकाच मॉडेलचा पांढरा रंग कृत्रिम आणि तपकिरी रंग स्वेडचा असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

चुकीच्या चिन्हावर भरवसा

खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि हिरव्या "व्ही"चे व्हीगन चिन्ह (त्याचे नियम २०२२ चे) बुटांसाठी नाहीत. बुटाच्या डब्यावर तसे काही छापलेले असेल तर ती सजावट समजा. आयएसआय मार्कही दर्जाबद्दल बोलतो, प्राणिज घटकांबद्दल नाही.

बुटांसाठी दोन चिन्हे उपयोगाची. व्हीगन सोसायटीचे सूर्यफुलाचे चिन्ह १९९० पासून आहे आणि ते एकेका उत्पादनासाठी दिले जाते. "पेटा-अप्रूव्हड व्हीगन" हे पेटा या प्राणीहक्क संस्थेचे चिन्ह कंपनीने प्रश्नावली भरून आणि हमीपत्रावर सही करून मिळते, म्हणजे जबाबदारी मुख्यतः कंपनीच्या शब्दावर. तेही काही वेळा कंपनीच्या सगळ्या मालाला असते, काही वेळा ठरावीक मॉडेल्सना. जगभर नैतिक म्हणून नावाजलेली फ्रान्सची "व्हेजा"सुद्धा चामड्याचे बूट बनवते, तिच्या व्हीगन जोड्या वेगळ्या निवडाव्या लागतात. ब्रँडचे नाव पाहून निवांत होऊ नका.

"इको-फ्रेंडली", "नॅचरल", "सस्टेनेबल" असे मोघम शब्द आता पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑनलाइन खरेदी करताना उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. आलेला माल वेगळा निघाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तोच कामी येतो.

वनस्पतीचे चामडे म्हणजे प्लॅस्टिकमुक्त, असे समजणे

अननसाच्या पानांच्या तंतूंपासून "पिन्याटेक्स", मेक्सिकोत निवडुंगापासून "डेझर्टो", सफरचंदाच्या चोथ्यापासूनचे साहित्य, केरळात नारळाच्या पाण्यावर वाढवलेल्या जिवाणूजन्य सेल्युलोजचे "मलाई", कानपूरला देवळातल्या निर्माल्याच्या फुलांपासूनचे "फ्लेदर": या कल्पना खरोखर सुंदर आहेत. पण निवडुंग आणि सफरचंदाच्या साहित्यात पीयू मिसळलेला असतो, आणि पिन्याटेक्सवरही लेप असतो. प्रमाण किती, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. "सफरचंदाचे चामडे" असे लिहून टक्केवारी न देणाऱ्या कंपनीपेक्षा "पाण्यावर आधारित पीयू" असे सरळ लिहिणारी आम्हाला बरी वाटते. नेहमीच्या पीयूच्या कामात डायमिथाइल फॉर्मामाइड हे घातक द्रावक वापरतात. ते कारखान्यात काम करणाऱ्यांच्या श्वासात जाते. पीव्हीसी सगळ्यांत शेवटी निवडा: तो मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि बूट कडक होऊन तडकतो.

बजेट कमी असेल तर साध्या सुती कॅनव्हासचा आणि रबरी सोलचा बूट हा आजही चांगला पर्याय आहे. आपल्याकडची "थैली" ही कंपनी टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांपासून स्नीकर्स बनवते, आणि ते दिसायलाही देखणे आहेत.

पापुद्रे आणि भुगा

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. वर्षभरात फाटणारा बूट प्राण्याला वाचवतो, पण कचरा दुप्पट करतो.

आधी पापुद्रे. बोटांच्या मुळाशी, जिथे चालताना बूट मुडपतो, तिथे पातळ लेप सोलवटतो. दुकानात बूट त्याच जागी पंधरा-वीस वेळा मुडपा आणि उजेडात धरा. पांढरी रेघ उमटली किंवा सुरकुती तशीच राहिली तर तो घेऊ नका. मुडपण्याच्या जागी जाळी किंवा कॅनव्हास आणि पीयू फक्त बाजूंना, अशी रचना जास्त टिकते.

आता भुगा. दोन-तीनदाच घातलेला, डब्यात जपून ठेवलेला बूट लग्नाच्या दिवशी काढावा आणि सोल हातात चुऱ्यासारखा यावा, हे पुष्कळांच्या वाट्याला येते. मधला फोम पॉलिएस्टर जातीच्या पीयूचा असेल तर हवेतले बाष्प त्याच्या रासायनिक साखळ्या तोडत राहते आणि उष्णता त्या क्रियेला वेग देते. इंदूरला मे महिन्यात माळ्यावर तापलेला डबा जूनच्या मध्यानंतर पावसाळी दमटात सापडतो, याहून वाईट जागा नाही. यावर उपाय आहेत:

- डब्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष वाचा. सेलमधला दोन-तीन वर्षांपूर्वीचा पीयू सोलचा माल कितीही स्वस्त असला तरी सोडा.
- मधला फोम ईव्हीए (पीयूहून वेगळ्या जातीचा प्लॅस्टिक फोम) आहे का ते विचारा. ईव्हीए चेपतो, पण असा भुगा होत नाही.
- बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. कापडी पिशवी किंवा भोके पाडलेला डबा घ्या आणि तो माळ्याऐवजी कपाटात खाली ठेवा.
- पंधरा दिवसांतून एकदा तरी घालून चाला. पडून राहिलेला सोल लवकर मरतो.

रोज एकच जोड घालणेही टाळा. कृत्रिम साहित्य घाम शोषत नाही, त्यामुळे तो अस्तरात साचतो. दोन जोड आलटून पालटून वापरा, मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

"घालता घालता सैल होईल"

चामडे पायाचा आकार घेते. पीयू आणि मायक्रोफायबर जवळजवळ घेतच नाही. म्हणून संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि दोन्ही पाय मोजा. मोठा पाय धरा आणि त्यात ८ ते १० मिलिमीटर मिळवा. यूकेचा एक पूर्ण नंबर साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, युरोपचा साडेसहाहून थोडा जास्त, त्यामुळे नंबरांचे रूपांतर करण्यापेक्षा कंपनीचा सेंटिमीटरचा तक्ता पाहा. त्यात पायाची लांबी दिली आहे की आतल्या तळाची, हे आधी तपासा.

चामड्याचे पॉलिश लावणे

पॉलिश आणि क्रीममध्ये मधमाशांचे मेण किंवा लोकरीतून निघणारे लॅनोलिन असू शकते. शिवाय पीयू ते शोषत नाही, बूट चिकट होतो आणि धूळ धरतो. ओले फडके आणि सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लेप विरघळवतात. वॉशिंग मशीन आणि रणरणते ऊन चिकटवलेले सांधे उखडवतात. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा.

पांढरा कॅनव्हास धुतल्यावर पिवळा पडतो तो तंतूंत राहिलेल्या साबणाने. पाणी नितळ येईपर्यंत खळबळा, मग पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून वाळवा. माळव्याची काळी माती ओली असताना चोळू नका, ती आत जाते. वाळू द्या, झटका, मग धुवा. रंगपंचमीच्या गेरीला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) जाळीचे पांढरे स्नीकर्स घालून जाऊ नका, तो रंग निघत नाही.

प्राणी सुटला म्हणजे माणूसही सुटला, असे मानणे

बुटाच्या किमतीत शिवणाऱ्याचा वाटा कुठे गेला, हे व्हीगन चिन्ह सांगत नाही. "ओको-टेक्स स्टँडर्ड १००" हे प्रमाणपत्र कापडातल्या घातक रसायनांबद्दल आहे, मजुरीबद्दल नाही. "गॉट्स" हे सेंद्रिय कापडाचे प्रमाणपत्र कामगारांच्या अटीही पाहते. त्यात "सेंद्रिय" लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतात आणि "सेंद्रिय तंतूंपासून बनवलेले" लिहायला ७० टक्के. "फेअर ट्रेड" आणि "एसए ८०००" मजुरांच्या बाजूने पाहतात. कंपनीच्या संकेतस्थळावर कारखान्याचे नाव-गाव दिलेले आहे का, ही साधी कसोटीही बरेच सांगून जाते.

कपड्यांकडे वळलात तर रेशीम विसरू नका. महेश्वर इथून जवळ, म्हणून माहेश्वरी साडी घरोघरी असते. तिचा उभा धागा बहुधा रेशमाचा आणि आडवा सुताचा. चंदेरीतही रेशीम असते. पूर्ण सुती माहेश्वरी मिळते, ती मागून घ्या. शीतलामाता बाजारात "आर्ट सिल्क" म्हणतील ते कृत्रिम, तुम्हाला चालणारे. "सिल्क मार्क" म्हणजे शुद्ध रेशमाची हमी, म्हणजे तुमच्यासाठी "नको"ची खूण. शंका असेल तर पदराच्या टोकाचे चार उभे धागे घरी जाळून पाहा: केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर.

घरातले चामड्याचे बूट आधी फेकणे

ते झिजेपर्यंत घाला किंवा ज्याला हवेत त्याला द्या. महापालिकेच्या आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रांवरही वापरण्याजोगे बूट देता येतात. नव्या जोडाचा सोल सुटला तर तोही टाकू नका. मोच्याकडे नेताना दोन गोष्टी आधी सांगा: ठिगळ चामड्याचे नको, आणि जुने चिकटद्रव्य घासून काढल्याशिवाय नवे लावायचे नाही. चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना लावून १० ते १५ मिनिटे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, वाळू द्यावे लागते, मग दाबायचे. घाईत ओलेच दाबले की आठवड्यात पुन्हा सुटते. सोलला कडेने शिलाई मारून घ्या आणि २४ तास बूट घालू नका.