खारीचे पट्टे मोजताना या चुका टाळा

गावाच्या जैवविविधता नोंदवहीत 'खार' ही ओळ सगळ्यात आधी भरली जाते आणि हमखास चुकते. मी स्वतः वर्षभर अंगणातल्या निंबावरची खार 'तीन पट्ट्यांची' म्हणून लिहिली. पुरावा म्हणून फोटोही होते, सगळे गच्चीवरून काढलेले. एका सकाळी ती ओट्याच्या भिंतीवरून आडवी गेली, तेव्हा कुशीवर, पाठीच्या पट्ट्यांच्या बरीच खाली, आणखी एक फिकट पट्टा दिसला. दुसऱ्या कुशीवरही तो असतोच. म्हणजे तीन अधिक दोन, पाच. ही पाच पट्ट्यांची खार, तीन पट्ट्यांचीपेक्षा वेगळी जात.

दोष गच्चीचा, तसाच लहानपणी ऐकलेल्या गोष्टीचाही. रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली हे डोक्यात इतकं पक्कं असतं की तीन मोजून झाले की डोळे थांबतात.

तेव्हा वरून मोजू नका. खार खोडावर असताना तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि बाजूने पाहा. फिकट पट्टे मोजा, त्यांच्या मधले गडद नव्हे. गडद मोजले की पाचपट्टीचे चार होतात आणि माणूस नवीनच जात शोधून बसतो. पावसात भिजलेली किंवा थंडीत फुगून बसलेली खार मोजायचीच नाही. मी तासभर निंबाखाली उभा असताना शेजारच्या बाबांनी विचारलंच, "काय भो, काय मोजी ऱ्हायना?"

दुसरी चूक नावावरून निष्कर्ष काढण्याची. तीन पट्ट्यांची ती फुनाम्बुलस पामेरम, त्यातलं पामेरम हे प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६६ साली ठेवलेलं. पामेरम म्हणजे 'ताडांची', म्हणून ताडावर दिसली की पामेरम, असं कुणी कुणी लिहून टाकतं. पाचपट्टी, म्हणजे फुनाम्बुलस पेनांटी, ताडावरही चढते आणि केळीच्या वावरातही हिंडते. त्यापेक्षा फुनाम्बुलस हे वंशनाम चपखल आहे: दोरीवरून चालणारा. विजेच्या तारेवरून पळणारी खार पाहिली की पटतं.

जुन्या याद्या आंधळेपणाने उतरवू नका. पाचपट्टीला वेगळं नाव प्राणी-अभ्यासक रॉटन यांनी १९०५ साली दिलं, तेही सुरत जिल्ह्यातल्या मांडवी तालुक्यातल्या नमुन्यावरून. नंदुरबारकडच्या प्रकाशा गावाहून पुढे गेलेली तापी उकई धरणानंतर त्याच मांडवीला जाते, म्हणजे ही खार जवळजवळ आपल्या उंबरठ्यावरच नाव मिळवून आली. १९०५च्या आधीच्या यादीत पामेरम वाचलं तर ती दोघींपैकी कुठलीही असू शकते. खानदेशात मला तरी पाचपट्टीच भेटते. पण दोघींचे प्रदेश महाराष्ट्रात एकमेकांत मिसळतात, म्हणून 'आपल्याकडे हीच' असं न बघता लिहू नये.

फुनाम्बुलस वंशात एकूण जाती किती, यावरही गोंधळ होतो. जुन्या पुस्तकांत पाच सापडतील, आता सहा धरतात, कारण २०१२ साली श्रीलंकेची ओब्स्क्युरस ही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या सबलिनिएटसपासून वेगळी काढली गेली. लेयार्डी श्रीलंकेची. ट्रायस्ट्रिएटस सह्याद्रीच्या ओल्या रानातली. ही नावं सातपुड्याच्या यादीत दिसली की समजावं, कुणीतरी नेटवरून उतरवलं आहे.

नेटवरचा आणखी एक घोळ म्हणजे चिपमंक. अमेरिकेतल्या या खारीच्या गालांवरही पट्टे असतात, आपल्या खारीचा चेहरा कोरा. शेकरूला मात्र अंगावर पट्टा नाहीच. ते मोठं झालेलं खारुताईचं पोर नव्हे, त्याचं उपकुळच निराळं.

पट्टे नीट दिसले नाहीत तर 'फुनाम्बुलस, जात अनिश्चित' लिहावं. वहीवाल्यांना ते अपुरं वाटतं, वाटू द्या. माझ्या गच्चीवरच्या साऱ्या फोटोंपुढे आता तेच लिहिलंय. पेनांटी हे नाव फक्त त्या भिंतीवरच्या सकाळच्या नोंदीला.